वर्गणीदाराला काय द्यावे?

रायपूरचे उरला म्हटले की लोखंडाचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. त्याच रायपूर जिल्ह्यात, तिल्ड्याजवळ तुलसी नावाचे गाव आहे. तिथला माल निराळा! २०१८ साली जय वर्मा आणि ज्ञानेंद्र शुक्ला यांनी तिथे यूट्यूब चॅनेल सुरू केले आणि पाहता पाहता शेतकऱ्यांपासून आजीबाईंपर्यंत सारे कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. २०२३ मध्ये सरकारने गावात स्टुडिओही उभारला.

पण जाहिरातींची कमाई पावसासारखीच बेभरवशाची. म्हणून आता देशभर अनेक चॅनेल प्रेक्षकांकडून दरमहा वर्गणी घेतात. कर वजा जाता तिचे ७० टक्के चॅनेलला मिळतात.

बदल्यात वर्गणीदाराला द्यायचे काय? नावापुढे बिल्ला, इतरांआधी पाहायला मिळणारा भाग, ही नेहमीची यादी. पाककृतींचे चॅनेल असेल, तर महिन्यातून एकदा थेट गप्पा ठेवाव्यात. चकली तेलात का विरघळते, याचे उत्तर ज्या गृहिणीला तिथल्या तिथे मिळाले, तिला बिल्ल्याचे काय अप्रूप?

उत्साहाच्या भरात प्रत्येकाला स्वहस्ते पत्र मात्र कबूल करू नये. दहा वर्गणीदारांपुरते ते ठीक. तीनशे झाले की घरचा स्वयंपाक बाजूला राहतो आणि टपालखर्च वर्गणी गिळतो. बक्षिसांची सोडत यूट्यूबला चालत नाही, आणि खास मुलांसाठीच्या चॅनेलना ही वर्गणीची सोयच नाही.

वर्गणी भरणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे : नुसते पाहणे सोडल्याने पैसे कापले जाणे थांबत नाही, सभासदत्व रीतसर रद्द करावे लागते.