पराभवाची वाटणी

पश्चिम जर्मनीतील लोकशाहीची कथा आपण बहुधा न्यूरेंबर्गचे खटले, दोस्तांची देखरेख आणि १९४९ची राज्यघटना या क्रमाने वाचतो. तीत निर्वासितांच्या वाट्याला एखादेच वाक्य येते. वास्तविक १९५०च्या सुमारास तेथील दर सहा माणसांमागे साधारण एक जण सिलेशिया, पूर्व प्रशिया, सुदेटनलँड अशा प्रदेशांतून हाकलला गेलेला होता. म्हणजे सुमारे ८० लाख माणसे. अशा जनसमूहातून सूडाचे राजकारण उभे राहील अशी धास्ती दोस्तांना होती. म्हणूनच निर्वासितांच्या पक्षांना त्यांनी आरंभी परवानगी दिली नाही.

बंदी उठताच १९५०मध्ये श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये त्यांच्या पक्षाने २३ टक्क्यांहून अधिक मते मिळवली. १९५३मध्ये तो आडेनाउअर यांच्या मंत्रिमंडळात गेला. आणि १९५७मध्ये पाच टक्क्यांची अट न गाठता आल्याने संसदेबाहेर पडला! आर्थिक भरभराट हे याचे नेहमीचे स्पष्टीकरण, आणि ते खोटे नाही. मला मात्र १९५२चा भरपाईचा कायदा अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यांची घरेदारे, कारखाने शाबूत राहिले त्यांच्यावर मालमत्तेच्या १९४८मधील मूल्याच्या निम्म्याइतकी आकारणी झाली. ती तीस वर्षांच्या हप्त्यांत फेडायची असल्याने प्रत्यक्षात फारशी जाचली नाही, हा आक्षेप रास्तच. तरीही पराभव सर्वांचा होता, केवळ पूर्वेकडच्यांचा नव्हे, हे त्यातून कागदोपत्री मान्य झाले. याची दुसरी बाजूही आहे: निर्वासितांच्या खात्याचे मंत्रिपद १९५३मध्ये थिओडोर ओबरलेंडर यांना मिळाले. हे गृहस्थ १९२३च्या हिटलरच्या उठावात सामील होते. ते पायउतार झाले १९६०मध्ये.

कायद्याने घराची किंमत ठरली. गमावलेल्या गावाच्या आठवणीचे काय, हा प्रश्न साहित्याकडे आला. ग्रास यांची 'इम क्रेब्सगांग' २००२मध्ये आल्यावर जर्मन लेखकांनी निर्वासितांचे दुःख तोवर दडपून ठेवले होते, असे सर्रास म्हटले गेले. हे मत मला मान्य नाही. त्यांच्याच 'टिन ड्रम'मधला (१९५९) ऑस्कर मालगाडीतून डान्झिग सोडतो. लेखक गप्प नव्हते; हे दुःख कोणाच्या हाती पडेल, याची त्यांना चिंता होती. 'इम क्रेब्सगांग'मध्ये बुडालेल्या निर्वासित-जहाजाची कथा आजीकडून नातवाकडे जाते आणि तो ती इंटरनेटवर नवनाझींच्या भाषेत सांगतो. झीगफ्रीड लेन्झ यांच्या 'हायमाटम्युझेउम'चा (१९७८) विणकर नायक याही पुढे जातो. मासुरियाहून निगुतीने आणलेल्या वस्तूंचे संग्रहालय तो स्वतःच पेटवून देतो, कारण मातृभूमीचे राजकारण करणाऱ्यांचा त्यावर डोळा असतो. त्याची भीती मला समजते, कृती पटत नाही: जे जळाले त्यावर केवळ त्या मंडळींचा हक्क नव्हता.