भिंतीतलं पाणी आणि फळीवरच्या बाटल्या

२७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सगळ्या देशाचे कॅमेरे इकडे वळले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदलाची पथकं आली, हजारावर प्रवासी दुपारी सुखरूप बाहेर निघाले आणि बातमी तिथेच संपली. त्याच पावसात उल्हास नदी बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यासारख्या सखल भागांतही शिरली होती. अंगणातलं पाणी एका रात्रीत ओसरतं. विटांनी आणि गिलाव्याने पिऊन ठेवलेलं पाणी कित्येक आठवडे जागचं हलत नाही. चार-पाच दिवसांत सोफ्यामागे पहिले काळे ठिपके दिसतात, कपाट उघडलं की कुबट वास येतो आणि मग बाटल्यांची खरेदी सुरू होते.

पूर आला तरच बुरशी येते असंही नाही. पूर्वेकडच्या टोलेजंग संकुलांत सातव्या मजल्यावरही ती असते. बदलापुरात पाऊस कोसळतो, तोही वाऱ्यासकट. नैऋत्येकडून तिरपा येणारा पाऊस बाहेरच्या भिंतीवर तासन् तास आपटतो आणि खिडकीच्या चौकटीपाशी राहिलेल्या फटीतून, पाइपाच्या सांध्यातून, गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगेतून आत येतो. गच्चीवर पत्रे टाकले म्हणून सोसायटी निश्चिंत असते. पत्रे छताची गळती थांबवतात, तिरप्या पावसाशी त्यांचा संबंध नसतो. त्यात जून ते सप्टेंबर कपडे घरातच, बेडरूममधल्या दोरीवर. यंत्रातून पिळून आलेल्या एका घाण्यातूनही लिटरभर पाणी खोलीच्या हवेत जातं आणि सर्वांत गार, सर्वांत कोंडलेल्या कोपऱ्यात, म्हणजे बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे जाऊन बसतं.

फळीवरच्या बाटल्यांकडे वळू. बुरशीवर सर्वांत आधी हात जातो तो ब्लीचकडे. २०२० मध्ये नगरपालिकांच्या गाड्या रस्त्यारस्त्यांवर सोडिअम हायपोक्लोराइट फवारत फिरल्या, तेव्हापासून हे नाव घराघरांत पोचलं आहे. दुकानात ते साध्या ब्लीचच्या बाटलीत मिळतं, आणि बाथरूमच्या टाइल्सवर, बेसिनच्या कडेला, टाइल्सच्या मधल्या काळ्या पडलेल्या रेघांवर उत्तम चालतं. सोळा वाट्या पाण्यात जास्तीत जास्त एक वाटी ब्लीच, खिडकी उघडी, हातात रबरी मोजे. एवढं पाळलं तर तक्रारीला जागा नाही.

भिंतीवर मात्र ते फसवं ठरतं. बाटलीतल्या ब्लीचचा बहुतेक भाग पाणीच असतो. पुट्टी, पीओपी, प्लायवूड यांच्यासारख्या सच्छिद्र पृष्ठभागावर क्लोरीन वरच्या वर काम करून संपतं आणि पाणी तेवढं आत मुरतं. काळा डाग पांढरा होतो, घरातले सगळे खूश होतात. आत पसरलेले तंतू शाबूत असतात, त्यांना वर पाणीही मिळालेलं असतं. पंधरा दिवसांनी त्याच जागी डाग परत येतो आणि दोष बाटलीच्या कंपनीला लागतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला याबाबत कमालीचा साधा आहे: ब्लीच सरसकट वापरायची गरज नाही. कडक पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासा, पूर्ण वाळवा, आणि भिजलेली वस्तू शक्यतो २४ ते ४८ तासांत कोरडी करा.

धुण्याची पावडर घातलेलं पाणी आणि प्लास्टिकचा ब्रश, या साध्या जोडीला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही, कारण तिची जाहिरात नाही. पण तीन गोष्टी सांभाळाव्यात. कोरड्या डागावर ब्रश चालवू नये. बीजाणू उडून खोलीभर होतात, म्हणून आधी ओलं करायचं. घासताना पंखा बंद, तोंडाला मास्क. आणि पुसून झालं की पंखा जोरात, भिंत हाताला कोरडी लागेपर्यंत. पुरात भिजलेली कापसाची गादी किंवा फुगलेला प्लायवूड घासून सुधारत नाही, तो टाकावा लागतो. ही बातमी कुणालाच आवडत नाही.

घासण्याआधी डाग बुरशीचाच आहे ना, हेही बघून घ्यावं. भिंतीतून पांढरी, पिठासारखी पूड झडत असेल तर ते बहुधा सिमेंट-विटांमधले क्षार असतात. थोडं पाणी शिंपडावं. क्षार विरघळून दिसेनासे होतात, बुरशी तशी जात नाही. क्षारांवर ब्लीच ओतणं म्हणजे पैसे मोरीत घालणं. दोन्हींचा अर्थ एकच, की आत पाणी आहे.

मोबाइलवर फिरणारी दुसरी कृती व्हिनेगर आणि खायच्या सोड्याची. वेगवेगळे वापरले तर दोन्ही थोडेफार उपयोगाचे आहेत. व्हिनेगर काही जातींची बुरशी मारतं, सोड्याने घासता येतं आणि वास ओढला जातो. एकत्र केले की भरपूर फेस येतो, त्या फेसात आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि खाली खारट पाणी उरतं. बघायला छान वाटतं, इतकंच. शिवाय ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवराचा असेल तर व्हिनेगर त्याची चकाकी खाऊन टाकतं.

इथवरचा मामला पैशांचा आणि श्रमांचा. पुढचा जिवाशी खेळ आहे. संडास साफ करायच्या द्रावणात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. फरशी घासायच्या अ‍ॅसिडमध्ये तर असतंच. एका बाटलीने डाग जात नाही म्हणून त्यावरच ब्लीच ओतलं की क्लोरीन वायू सुटतो. बाथरूम चार बाय सहाचं, खिडकी पावसामुळे बंद, आणि आत माणूस ओणवा होऊन घासतोय. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र केलं तरी हेच होतं. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर क्लोरामाइनचा वायू होतो. जून २०२१ मध्ये बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून रात्री वायू गळला, लोकांचे डोळे चुरचुरले, श्वास कोंडला, माणसं घराबाहेर पळाली. तो वायू वेगळा होता. पण कारखान्याच्या चिमणीवर बारीक नजर ठेवणाऱ्या शहराने स्वतःच्या बाथरूममधल्या दोन बाटल्यांनाही तेवढंच भ्यायला हवं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरलाही हाच नियम लागू. ती पाण्याच्या टाकीसाठी ठीक, अ‍ॅसिडजवळ नको.

बुरशी दिसायला वाईट, एवढ्यावरच ती टाळायची असं नाही. घरातल्या ओलीचा आणि दमा, खोकला, अ‍ॅलर्जी यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्टपणे मांडला आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. बुरशीने भरलेल्या भाड्याच्या घरात सतत राहिल्याने त्याचा श्वसनविकार बळावला, असा निष्कर्ष तिथल्या मृत्यू-चौकशीत नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाला. वडिलांनी तक्रार केली होती. वरून रंग मारा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा पुढच्या वर्षी आला.

‘वरून रंग मारा’ हे उत्तर इथेही ओळखीचं आहे. २००५ च्या २६ जुलैला उल्हास खोऱ्याला पुराने झोडपलं. महिनाभराने, २९ ऑगस्टला, कॅटरिना वादळ न्यू ऑर्लिन्सवर आदळलं. ऑक्टोबरमध्ये तिथल्या आरोग्य यंत्रणांनी ११२ घरांची पाहणी केली, तेव्हा ५१ घरांत बुरशी डोळ्यांना दिसत होती. आपल्याकडचा पंचनामा पडलेल्या भिंती मोजतो. उभ्या राहिलेल्या ओल्या भिंतीला त्यात जागा नसते, आणि तिच्याबरोबर राहायचं घरातल्यांनीच.

आता प्रश्न पैसे कुणाचे. बदलापूर-अंबरनाथच्या सोसायट्यांत बुरशीचं भांडण वरच्या आणि खालच्या मजल्यात लागतं, आणि वॉटरप्रूफिंगचा खर्च टाळण्यासाठी दोघंही ब्लीच विकत घेत राहतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचं उत्तर बऱ्यापैकी साफ आहे. गच्ची, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती, हे संस्थेच्या खर्चाने. सदनिकेच्या आतल्या संडासाची, सिंकची गळती, ही त्या सभासदाच्या खर्चाने. म्हणजे बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर काळं पडलं असेल तर सेक्रेटरींना पत्र द्यायचं, आणि बाथरूमच्या छतावर पडलं असेल तर वरच्या काकूंची बेल वाजवायची. पत्र लेखी असावं, पोच घ्यावी, फोटोवर तारीख असावी.

भर पावसात भिंत दुरुस्त होत नाही, हे खरं. तेव्हा फक्त धरून ठेवायचं: कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, एक्झॉस्ट पंखा चालू, कपडे गॅलरीत, डाग छोटा असतानाच साबणाचा हात. कोकणातला सुपारीचा बागायतदार बुरशी दिसायची वाट बघत नाही. पाऊस सुरू होण्याआधीच मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारून मोकळा होतो. जुनी माणसं दरवर्षी चुना काढत, त्यातही हे शहाणपण होतं. चुना तीव्र अल्कलीयुक्त असतो, त्यावर बुरशीला तग धरणं अवघड जातं, आणि त्यातून भिंतीतली वाफ बाहेरही पडते. प्लास्टिक पेंट ती आत कोंडतो आणि मग फुगा येऊन पोपडे सुटतात.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. बाहेरच्या भिंतीच्या भेगा त्या विषयपत्रिकेत आधीच टाकून घ्याव्यात, नाहीतर ‘आयत्या वेळच्या विषयांत’ त्या चहाबरोबर संपतात. मग ऑक्टोबरचं ऊन निदान तीन आठवडे भिंतीला लागू द्यायचं. रंगारी दिवाळीआधी उरकायची घाई करेल. पुट्टीला हात लावण्याआधी त्याला एक काम सांगावं: डागाच्या जागी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवायचा. आतल्या बाजूला दव धरलं, तर रंगाचे डबे तसेच बंद ठेवून आधी गवंड्याला बोलवायचं.