टाळ्यांचा कडकडाट आणि भिंतीजवळचे टेबल



चित्रपटांच्या पारितोषिकांचा समारंभ पार पडला की दुसऱ्या दिवशी घरोघरी आणि कचेरीकचेरीत एकच चर्चा चालते. अमक्याला का दिले आणि तमक्याला का डावलले? आपणही या चर्चेत भाग घेतो आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या पंगतीबाहेर बसविण्यात आले, त्या समाजातील प्रेक्षकाने असा समारंभ केवळ करमणूक म्हणून पाहून भागणार नाही. टाळ्या कोणासाठी वाजल्या हे पाहत असतानाच, ज्याच्यासाठी त्या वाजल्या तो मनुष्य कोठे बसला होता, हेही त्याने पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात २९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री अँबॅसेडर हॉटेलमध्ये ऑस्कर पारितोषिकांचा समारंभ झाला. 'गॉन विथ द विंड' या चित्रपटातील गुलाम दासीच्या भूमिकेबद्दल हॅटी मॅकडॅनियल यांना उत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत होत. त्यांचे आईवडील जन्माने गुलाम होते. एका पिढीच्या अंतराने गुलामांची कन्या त्या व्यासपीठावर उभी राहिली, तेव्हा सभागृह टाळ्यांनी दुमदुमले.

पण त्या रात्रीची दुसरी बाजूही ऐका. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. बाईंना आत येऊ द्यावे म्हणून चित्रपटाच्या निर्मात्याला मुद्दाम रदबदली करावी लागली. आत आल्यावरही त्यांना सहकलावंतांच्या पंक्तीस बसविण्यात आले नाही. दूर, भिंतीजवळच्या एका लहानशा टेबलावर त्यांची व्यवस्था होती. त्यापूर्वी डिसेंबर १९३९ मध्ये याच चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटा शहरात झाला, तेव्हा तेथील वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना उपस्थितच राहता आले नव्हते. पारितोषिक स्वीकारताना त्यांनी आपल्या वंशाला आपण सदैव भूषणभूत ठरू, अशी आशा व्यक्त केली. त्या रात्री पारितोषिक घेणाऱ्या एकाही गोऱ्या कलावंताला आपल्या वंशाच्या वतीने अशी हमी द्यावी लागली होती काय?

या पारितोषिकाबद्दल कृष्णवर्णीय प्रेक्षकांत एकमत नव्हते. कित्येकांना अभिमान वाटला. कित्येकांनी मात्र त्या चित्रपटाचा निषेध केला, कारण त्यात गुलामगिरीचे दिवस सुखाचे म्हणून रंगविलेले होते. आमच्या माणसाला पारितोषिक द्यायचे ते धन्याच्या घरी राबणाऱ्या दासीच्या सोंगालाच काय, असा त्यांचा सवाल होता. यांपैकी कोणाची बाजू खरी म्हणावी? माझ्या मते दोघांचीही. अभिमान बाळगणाऱ्यांनी त्या स्त्रीची कर्तबगारी ओळखली होती आणि निषेध करणाऱ्यांनी तिच्यावर लादलेली मर्यादा ओळखली होती. दोष त्या कलावंताचा नव्हता. ज्या व्यवसायाने तिच्यापुढे दासीखेरीज दुसरी भूमिका क्वचितच ठेवली, त्या व्यवसायाचा तो दोष होता.

आता पुढचे ऐका. १९५२ साली हॅटी मॅकडॅनियल निधन पावल्या. हॉलिवूडमधील दफनभूमीत आपल्याला पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. ती भूमी गोऱ्यांसाठी राखीव असल्यामुळे त्यांचा देह अन्यत्र पुरावा लागला. पारितोषिकाने त्यांच्यासाठी जिवंतपणी हॉटेलचे दार उघडले नाही आणि मेल्यावर साडेतीन हात जमीनही मिळवून दिली नाही. कृष्णवर्णीय अभिनेत्रीला पुन्हा ऑस्कर मिळण्यास १९९१ साल उजाडावे लागले. मधली ५१ वर्षे त्या टाळ्यांचा प्रतिध्वनी कोठेच उमटला नाही.

१९६४ चे उदाहरण याहूनही बोलके आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये सिडने पॉइटिए यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. त्या मानाच्या जागी पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय अभिनेते होत. त्याच वर्षी २ जुलैला नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेले, उपाहारगृहे व नाट्यगृहे यांत वर्णभेद करण्यास देशभर बंदी आली. एप्रिलच्या पारितोषिकाने एका माणसाचा गौरव झाला. जुलैच्या कायद्याने लक्षावधी माणसांना हक्क मिळाला, आणि तो हक्क मिळविण्यासाठी सामान्य स्त्रीपुरुषांनी वर्षानुवर्षे मार खाल्ला होता व तुरुंगवास भोगला होता. गौरव ही दुसऱ्याच्या मर्जीची देणगी असते. हक्क हा स्वतःच्या झगड्याने मिळवावा लागतो. हा भेद आपण कधीही विसरता कामा नये.

मग अशा समारंभाकडे पाठच फिरवावी काय? तसेही नव्हे. २०१५ साली ऑस्करसाठी अभिनयाची २० नामांकने जाहीर झाली. ती वीसही गोऱ्या कलावंतांची होती. २०१६ सालीही तेच घडले. या वेळी प्रेक्षक नुसते हळहळत बसले नाहीत. एप्रिल रेन या कृष्णवर्णीय महिलेने समाजमाध्यमावर पहिली हाक दिली आणि बघता बघता ती जगभर पसरली. काही नामवंत कलावंतांनी समारंभास जाण्याचे नाकारले. पारितोषिक कोणाला मिळाले, येथेच न थांबता पारितोषिक ठरविणारे कोण आहेत, असा मूळचा प्रश्न लोकांनी विचारला. त्याचे उत्तर एका वृत्तपत्राने २०१२ सालीच शोधून ठेवले होते. मत देणाऱ्यांपैकी सुमारे ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष होते. जानेवारी २०१६ मध्ये त्या अकादमीला आपल्या सभासदवर्गात स्त्रियांची व गौरेतरांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करण्याचा ठराव करावा लागला. २०१७ साली 'मूनलाइट' हा कृष्णवर्णीयांच्या जीवनावरील चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला. सारा अन्याय संपला असे नव्हे, पण प्रेक्षकांच्या प्रश्नाने निवाडा करणाऱ्यांची बैठक हलली, हे निश्चित.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची विचारपूस केली होती. आपल्याकडेही नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' या चित्रपटाला २०१३ सालासाठीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्याच्या अखेरीस गावकुसाबाहेरचा जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. चित्रपटगृहात त्यासाठी टाळ्या वाजविणे सोपे आहे. घरी परतल्यावर तो दगड आठवणे कठीण आहे.

म्हणून आपणास एवढीच विनंती आहे. यापुढे दूरचित्रवाणीवर असा समारंभ लागला, तर तो मुलाबाळांसह जरूर पाहा. आपल्यातील कोणी जिंकला तर मोकळ्या मनाने आनंद करा. पण मुलांना तीन प्रश्न विचारावयास शिकवा. निवाडा करणारे कोण होते? आपल्या माणसाला कोणती भूमिका दिली? आणि समारंभ आटोपल्यावर तो माणूस कोणत्या टेबलावर जेवला? ज्या घरात मुले हे तीन प्रश्न विचारू लागतील, त्या घराला कोणाच्याही टाळ्यांनी भुलविता येणार नाही.