८० पैशांची सवलत आणि १०१ वे युनिट

विजेच्या बिलाबाबत सध्या आपल्या मोहल्ल्यात दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, नवा टीओडी मीटर बसवून घ्या, दर बदलतो, बिल कमी येते. दुसरे म्हणते, तो मीटर दारात येऊ देऊ नका, बिल दुप्पट होते. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात आणि दोन्हीकडच्या बहुतेकांनी स्वतःच्या बिलावरचे रकाने वाचलेले नसतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, गणित माझा विषय नाही. पण या प्रश्नाला आठवीचे गणित पुरते. ते न करता छातीठोक बोलणाऱ्या दोघांशीही माझे भांडण आहे.

आधी हे पाहू, की सोलापुरात नेमके काय बदलता येते. कंपनी बदलता येत नाही. घरगुती ग्राहकाला महावितरण एकच. २००३ च्या वीज कायद्याने एक मेगावॅटपेक्षा जास्त भार असलेल्या कारखान्याला दुसरीकडून वीज घेण्याची वाट मोकळी केली, साखर पेठेतल्या दोन खोल्यांच्या घराला नाही. फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, त्याचा धूर आपला, पण दर सगळ्या महाराष्ट्राचाच. आपल्यासाठी 'दर बदलणे' म्हणजे एवढेच: नवा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत, आणि ती पुढच्या काही वर्षांत १ रुपयापर्यंत जाणार.

आता हिशेब मांडू. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा. ९ ते ५ सलग चालला तर महिन्याला १८ युनिट. फ्रिज दिवसाला एक युनिट खातो असे धरले, तर या आठ तासांच्या वाट्याला महिन्याला १० युनिट येतात. मे महिन्यात २०० वॅटचा कूलर दुपारी सहा तास चालला तर ३६ युनिट. एकूण ६४. गुणिले ८० पैसे, म्हणजे ५१ रुपये २० पैसे. हा भर उन्हाळ्यातला, दिवसभर कोणीतरी घरात असलेल्या कुटुंबाचा आकडा आहे. नवरा-बायको दोघेही कामावर आणि मुले शाळेत असतील, तर पंखा-कूलर बंदच असतात आणि हाती फ्रिजचे ८ रुपये उरतात.

रमजानचा महिना डोळ्यांसमोर आणा. आपले घर जागे असते ते सहरीला पहाटे आणि इफ्तारपासून तरावीहनंतरपर्यंत. ९ ते ५ ची सवलत नेमकी त्या वेळांना लागू नाही. मिक्सर, मोटार, दिवे, पाहुण्यांसाठीचे पंखे, सगळे सवलतीच्या बाहेर.

आता बिलाच्या दुसऱ्या रकान्याकडे या, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. दर पायऱ्यांनी वाढतो. हिशेबासाठी एप्रिल २०२४ पासूनचे दर घेतो. नंतर आकडे वरखाली झाले, पायऱ्या कायम आहेत. पहिल्या १०० युनिटना वीज आकार ४.७१ रुपये आणि वहन आकार १.१७, मिळून ५.८८. १०१ ते ३०० या युनिटना १०.२९ आणि १.१७, मिळून ११.४६. म्हणजे १०१ वे युनिट शंभराव्याच्या जवळजवळ दुप्पट महाग. एक युनिट रात्रीतून दिवसा सरकवले तर ८० पैसे वाचतात. तेच युनिट वापरलेच नाही तर ११ रुपये ४६ पैसे वाचतात, चौदा पटींहून जास्त. आणि १६ टक्के वीज शुल्क वर वाचते ते वेगळेच.

'दिवसा वीज स्वस्त' हे तीन शब्द म्हणूनच धोक्याचे आहेत. स्वस्त म्हणून दुपारी कूलर रोज एक तास जास्त चालवला, तर महिन्याला ६ युनिट वाढतात. वरच्या पायरीवर सवलत वजा करूनही त्याचे ६४ रुपये होतात. ५१ रुपये वाचवायला निघालेला माणूस घरबसल्या १३ रुपये गमावतो, आणि सवलत मिळाली म्हणून खूशही असतो.

कंपनी बदलायची मुभा असती तर चित्र पालटले असते, असे वाटणाऱ्यांनी मुंबईच्या उपनगरांचा इतिहास पाहावा. २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथल्या घरांना रिलायन्सकडून टाटाकडे जाता येऊ लागले. तारा रिलायन्सच्या, वीज टाटाची. लाखो घरांनी कंपनी बदलली आणि सुरुवातीला बचतही झाली. पुढे बदललेल्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार आला, जुन्या तुटीचा वेगळा आकार आला, दर बदलत गेले आणि काही ग्राहक परत फिरले. ज्यांनी दरवर्षी आपल्या पायरीचा दर ताडून पाहिला त्यांना फायदा झाला. ज्यांनी एकदा बदलून विषय संपवला, त्यांचा फायदा कधी संपला हे त्यांनाच कळले नाही. ब्रिटनमध्ये तर घरगुती ग्राहकाने दरवर्षी कंपनी बदलावी असाच सल्ला दिला जाई. २०२१ मध्ये गॅस भडकला, 'बल्ब'सारख्या मोठ्या कंपनीसह कितीतरी पुरवठादार कोसळले आणि स्वस्त योजनाही त्यांच्याबरोबर गेल्या.

मीटरची भीती घालणाऱ्यांनाही सांगतो. मीटर युनिट मोजतो, दर आयोग ठरवतो. मीटरवर संशय असेल तर लेखी तक्रार करून तपासणी मागता येते. पण बिल वाढण्याचे कारण पुष्कळदा शंभराची ओलांडलेली रेघ असते, आणि मीटरशी भांडत बसलो की त्या रेघेकडे लक्षच जात नाही.

माझे खरे भांडण त्या रेघेशीच आहे. महावितरणच्या क्षेत्रात महाबळेश्वरच्या घराला जी १०० युनिटची मर्यादा, तीच सोलापूरच्या घराला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो. नई जिंदगीच्या पत्र्याखाली दिवसभर शिलाई मारणाऱ्या बाईचा कूलर चैनीत कसा मोजायचा? तिला ५१ रुपयांची सवलत दाखवायची आणि १०१ व्या युनिटपासून दुप्पट दर घ्यायचा, ही मापातली तफावत आहे. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत उष्ण जिल्ह्यांची पहिली पायरी १५० युनिटपर्यंत न्या, ही मागणी आपण का करत नाही? दर ठरवण्यापूर्वी राज्य वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. आपल्या मोहल्ल्यातून तिथे किती कागद जातात? लाऊडस्पीकरपासून पार्किंगपर्यंत प्रत्येक विषयावर निवेदन देणाऱ्या आपल्या संघटनांनी एक कागद यावरही लिहावा.

तोपर्यंत घरात करण्यासारखे सांगतो. गेल्या बारा महिन्यांची बिले काढा आणि कोणत्या महिन्यांत शंभर ओलांडले त्यांवर खूण करा. ७५ वॅटचा पंखा रोज सोळा तास चालत असेल, तर त्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा महिन्याला २१ ते २२ युनिट वाचवतो. वरच्या पायरीवर त्याचे सुमारे २४७ रुपये होतात, शंभराच्या आत असाल तर १२७. अडीच-तीन हजारांचा पंखा एक-दोन वर्षांत फिटतो. एका छताखाली भावांचे खरोखर वेगळे संसार असतील आणि तसे कागद असतील, तर वेगळ्या जोडणीची चौकशी करा. २०० युनिट एका मीटरवर आणि १०० अधिक १०० दोन मीटरवर, यात १२८ रुपयांचा दुसरा स्थिर आकार आणि शुल्क धरूनही, इंधन समायोजन आकार सोडून, महिन्याला सुमारे ५०० रुपयांचा फरक पडतो.

नवा मीटर बसला असेल तर ८० पैसे जरूर घ्या, हक्काचे आहेत. कपडे धुण्याचे यंत्र आणि पाण्याची मोटार दुपारी चालवा. पण आधी शंभराची रेघ सांभाळा, आणि ती रेघ कोणी, कुठे बसून आखली हे आयोगाला विचारायची तयारी ठेवा.