जंतूंचा पहारेकरी कोण?

तारापूरला हा प्रश्न नवा नाही. १९६९ मध्ये इथे अणुवीज सुरू झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तारापूरच्या इंधनावरून भारत आणि अमेरिकेत वर्षानुवर्षे वाद चालला. कारण वीज देणारे तंत्रज्ञान बॉम्बच्या वाटेनेही जाऊ शकते. निदान युरेनियम मोजता येते, त्यावर निरीक्षक नेमता येतात. जंतूंचे तसे नाही. ते वाढतात, आणि त्यांच्याबद्दलचे ज्ञान तर एका फाइलमध्ये मावते.

२००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू आला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पोल्ट्रीवाले बुडाले. असा विषाणू माणसांत पसरू शकतो का, हे शोधायलाच हवे. पण २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी या विषाणूत बदल करून तो फेरेट प्राण्यांत हवेतून पसरवून दाखवला, तेव्हा हे तपशील छापावेत का, यावर जगभर वाद पेटला. २०१२ मध्ये ते छापले गेले. लस शोधणाऱ्याला जे उपयोगी, तेच घात करणाऱ्यालाही.

१९७५ मध्ये अमलात आलेल्या जैविक शस्त्रबंदी कराराकडे तपासणीची यंत्रणा नाही. आपल्याकडे घातक जंतूंच्या निर्यातीला परवाना लागतो. १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय बदलाचे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती हवी. त्याच नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीचीही तरतूद आहे. मात्र या सगळ्याचा भर जंतू बाहेर निसटू नये यावर आहे. संशोधनातून निघालेल्या ज्ञानाचा गैरवापर होईल का, हे आधीच विचारणारी व्यवस्था कमकुवत आहे.

म्हणून दोन कामे करूया. पालघरची जिल्हा समिती अस्तित्वात आहे का, शेवटची कधी बसली, हे माहिती अधिकारात विचारूया. उत्तर काहीही येवो, त्यावरून अफवा उठवायची नाही. प्रत्येक प्रयोगशाळा म्हणजे शस्त्रांचा कारखाना नव्हे.

दुसरे काम बी.फार्म., मायक्रोबायोलॉजी, बायोटेक शिकून बोईसरच्या एमआयडीसीत नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींचे. हे कशासाठी, कोणासाठी, हे विचारण्याची सवय कॉलेजातच लावून घ्या. नवी नोकरी, घरची जबाबदारी. एकट्याने विचारणे अवघड असते, हे खरे. म्हणूनच विचारणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहील असा नियम आपण सर्वांनी मिळून मागायला हवा.