राखीव जागा आणि दुभाष्याचा तास

१९९५ च्या कायद्यातील ३ टक्क्यांऐवजी २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखून ठेवल्या. वाढ स्वागतार्हच. परंतु जागा मिळालेल्या कर्णबधिर विद्यार्थ्याला व्याख्यान कळते काय, हा प्रश्न टक्केवारीच्या बाहेरच राहिला. व्हीलचेअरसाठी उतरण एकदा बांधली की वर्षानुवर्षे कामास येते; सांकेतिक भाषेचा दुभाषा मात्र प्रत्येक तासाला हजर असावा लागतो. हा खर्च आवर्ती आहे, आणि आवर्ती खर्चाचे नाव काढताच व्यवस्थापने दचकतात. परीक्षेत जादा वेळ देणे त्यामानाने स्वस्त. पण वर्गात जे पोहोचलेच नाही, ते उत्तरपत्रिकेत उतरणार कोठून?

शिवाय वर्गात कर्णबधिर विद्यार्थी एक असो वा दहा, दुभाष्याचे मानधन तेवढेच. एकेका महाविद्यालयाने एकेका विद्यार्थ्यासाठी ते सोसावे, ही अपेक्षा म्हणूनच अव्यवहार्य आहे. विद्यापीठाने दुभाषे नेमून ते संलग्न महाविद्यालयांना गरजेनुसार पुरविले, तर हाच भार विभागला जाईल.

आता दुभाषे आणावयाचे कोठून? दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली निघाले. त्याचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांवर गेला. तथापि ‘सीमांत उपयोगिता’ समजावून देणाऱ्याला भाषेइतकाच विषयही ठाऊक हवा. असा पदवीधर, समोर कायम वेतनाची जागा दिसल्याखेरीज, या प्रशिक्षणाकडे वळेल कशाला?