खात्री नसलेल्यानं आधी बोलायचं

परमिट रूममध्ये बसून सामान्यज्ञानाची स्पर्धा खेळायची, ही कल्पना खान्देशात सांगितली की ऐकणारा आधी हसतो. आमच्याकडच्या परमिट रूममध्ये उजेड कमी, आवाज जास्त आणि ज्ञानाची कमतरता कुणालाच नसते. पण इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकापासून गावोगावच्या पबमध्ये हेच चालतं. आठवड्यातल्या ज्या रात्री गिऱ्हाईक फिरकत नाही, त्या रात्री क्विझ ठेवायची, चार-चार जणांच्या टीम बसवायच्या आणि उत्तरं कागदावर लिहून घ्यायची. मालकाचा गल्ला भरतो आणि लोकांची रात्र रंगते.

आपल्या देशात क्विझ बारमधून आली नाही. 1967 साली नील ओब्रायन यांनी कलकत्त्यात पहिली खुली क्विझ घेतली, तीही चर्चच्या सभागृहात. मग रेडिओवरची बोर्नव्हिटा क्विझ आली, 1985 मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’ आलं आणि 3 जुलै 2000 रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ घराघरांत शिरलं. या शेवटच्यानं एक गोष्ट आपल्या डोक्यात पक्की बसवली: ज्ञानी माणूस एकटा असतो. तो उंच खुर्चीत बसतो, घामाघूम होतो आणि चार पर्यायांतला एक निवडतो. टीम नावाची गोष्टच त्यात नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ताईंचा भाचा पुण्याहून हे टीमचं खूळ घेऊन आला. ताई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिका. भाच्याला जळगावातच बारमध्ये जळगाव विरुद्ध धुळे अशी क्विझ घ्यायची होती. एक मालक हॉल द्यायलाही तयार झाला. पण ताईंनी एकच प्रश्न विचारला, “तिथं मी येऊन बसू का रे?” बेत तिथंच बदलला. हिवाळ्यात खान्देशी माणूस रात्री कुठं जमतो? शेतात, भरीत पार्टीला. जळगाव आणि धुळे दोघांनाही सोयीचं म्हणून पारोळ्याच्या अलीकडचं एक शेत ठरलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली गेली, भरीत झालं, कळण्याच्या भाकरी आल्या, कांद्याची पात आली. मग पंपाच्या खोलीवरचा बल्ब लावून दोन टीम समोरासमोर बसल्या.

आमच्या बाजूला कॅप्टन ताई, अभ्यासिकेत एमपीएससी करणारा एक मुलगा, बांधकामावरचे मिस्त्री आबा आणि मी. धुळ्याकडून एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आप्पा, एक वकील, एक मेडिकलवाले आणि कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी.

सुरू होण्याआधी ताईंनी आम्हाला एकच नियम घालून दिला. “ज्याला खात्री नाही त्यानं आधी बोलायचं. ज्याला पक्कं माहीत आहे, त्यानं सगळ्यात शेवटी.” कारण विचारलं तर म्हणाल्या, “वर्गात हुशार पोरानं हात वर केला की बाकीचे एकोणचाळीस विचार करायचं सोडून देतात. रोज बघते मी.”

भाच्याची प्रश्न काढायची रीत मला आवडली. ‘विप्रोची स्थापना कोणत्या साली झाली?’ हा त्याच्या मते मेलेला प्रश्न. 1945 हा आकडा तुम्हाला येतो किंवा येत नाही, संपलं. त्यानं विचारलं, “अमळनेरला वनस्पती तूप काढण्यापासून सुरुवात केलेली कोणती कंपनी पुढे संगणकाच्या धंद्यात गेली?” इथं साल माहीत नसलं तरी चालतं. अमळनेरात कुणाच्या आजोबांनी कोणते शेअर घेऊन ठेवले होते, या गप्पा ऐकलेला माणूसही उत्तरापाशी पोचतो. दोन्ही टीमना गुण मिळाले.

दुसरा प्रश्न फैजपूरचा. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, हे एमपीएससीच्या पोरानं प्रश्न संपायच्या आत पुटपुटून टाकलं. पण प्रश्न पुढे होता: बांबू आणि तट्ट्यांनी ते नगर नटवायला गांधीजींनी बंगालमधून कोणत्या चित्रकाराला बोलावलं? पोरगा गप्प. मला नाव येईना, शांतिनिकेतनातला कुणीतरी असणार एवढंच सुचलं, ते बोललो. त्यावर पोरगा म्हणाला, “संविधानाच्या हस्तलिखित प्रतीवर चित्रं काढणारेही तिथलेच ना?” आणि ताई म्हणाल्या, “नंदलाल! नंदलाल बोस!” तिघांपैकी एकालाही ते उत्तर येत नव्हतं, तरी कागदावर बरोबर उतरलं.

तिसऱ्या प्रश्नाला धुळ्यानं आम्हाला गारद केलं. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेल्या एका तरुण इंजिनिअरनं सुरुवातीच्या काळात दातर्ती गावाजवळ पांझरेच्या प्रवाहाखालून नळाचा सायफन टाकला, तो कोण? आमच्याकडे ब्रिटिश नावं सुरू झाली. तिकडे आप्पा उठून उभेच राहिले, “आम्हनाकडनी गोष्ट शे ही!” साक्रीच्या गाडीवर त्यांची नोकरी गेलेली. त्या गाडीतल्या म्हाताऱ्या प्रवाशांकडून ऐकलेलं त्यांना आठवलं: विश्वेश्वरय्या. ज्यांच्या जन्मदिवशी आपण अभियंता दिन साजरा करतो, ते.

असे प्रश्न होत गेले. आबा मात्र बराच वेळ काही बोलले नव्हते. नियमाप्रमाणे ताई दर वेळी आधी त्यांच्याकडे वळायच्या आणि आबा हात हलवायचे, “सातवी शिकलेला माणूस मी, मला कशाला विचारता?” ताईंनी विचारणं सोडलं नाही. शेवटच्या प्रश्नाला आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि प्रश्नही दोनच गुणांचा होता.

भाच्यानं आधी चाळीसगावजवळच्या पाटणची आठवण करून दिली. तिथल्या देवळातल्या 1207 च्या शिलालेखात चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. आजोबा म्हणजे भास्कराचार्य. त्यांच्या ‘लीलावती’तलं कोडं त्यानं आमच्या भाषेत सांगितलं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप बिळापासून सत्तावीस हातांवर आहे आणि बिळाकडे निघालाय. मोरानं त्याच्यावर तिरकी झेप घेतली. दोघं सारखंच अंतर कापून भेटले, तर बिळापासून किती हातांवर?

एमपीएससीच्या पोरानं ‘क्ष’ मांडला. पलीकडे वकील वर्गमूळ काढायला बसले. ताई वळल्या, “आबा?” आबांनी मातीत काडीनं खांब काढला, जमीन काढली, तिरकी रेघ ओढली. “हा तर गुण्या झाला. आम्ही काटकोन तपासायला दोरीवर तीन-चार-पाच घेतो. इथं सगळं तिप्पट, म्हणजे खांब नऊ, जमिनीवर बारा, तिरकं पंधरा. आणि बारा न् पंधरा सत्तावीसच होतात की.” पोराचं समीकरण अजून दुसऱ्या ओळीत होतं. उत्तर बारा हात. आम्ही बरोबरीत आलो, भाच्याकडचे प्रश्न संपले, आणि आप्पांनी ‘हा निकाल आम्हाले मान्य नही’ असं जाहीर करून पुढच्या सामन्याची तारीख मागितली.

मला या सगळ्यात मोर-सापापेक्षा ताईंचा नियम मोठा वाटतो. आपल्याकडे परीक्षा एकट्यानं द्यायची असते, त्यामुळे अर्धवट माहिती ही लपवायची वस्तू होते. अभ्यासिकेत शेजारी शेजारी बसलेली पोरं वर्षानुवर्षं एकमेकांना आपलं अडलेलं सांगत नाहीत. पुढे तीच सवय ग्रामसभेत येते, सोसायटीच्या बैठकीत येते. पहिला बोलतो तो सगळ्यात ठाम माणूस. त्याच्यानंतर बाकीचे माना डोलावतात आणि गावातला पाण्याचा, गटारीचा, बांधाचा ज्याला खरा अनुभव आहे, तो मागच्या रांगेत तंबाखू मळत बसतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि एकदा विचारून भागतही नाही. आबांना ताईंनी दर वेळी विचारलं, तेव्हा कुठं शेवटच्याला ते बोलले.

गणेशोत्सवात आपली मंडळं प्रश्नमंजुषा ठेवतात, पण ती शाळकरी मुलांची. जिल्ह्यांची मुख्यालयं, पहिले राष्ट्रपती, बक्षीस कंपासपेटी. यंदा एखाद्या मंडळानं मोठ्यांच्या टीम बसवाव्यात. जळगावला केळी, धुळ्याला पांझरा, भुसावळला रेल्वे, चोपडा-शिरपूरला तापी आणि सातपुडा, एवढ्या सामग्रीत प्रश्नांना तोटा नाही. फक्त प्रश्न असे काढावेत की ज्यांच्या उत्तरापर्यंत चालत जाता येईल. आणि प्रवेशअर्जावर एक अट छापावी: टीममध्ये पुस्तक सोडून वीस वर्षं झालेला एक तरी माणूस हवाच, आणि प्रत्येक प्रश्नाला पहिलं बोलणं त्याचं.

आप्पांनी ही अट ऐकून लगेच फोन केला. धुळ्याच्या टीममध्ये आता वकिलांच्या जागी एक विहीर खोदणारा गडी आलाय म्हणे.